गिटारमधून फिरत्या स्पीकरचा आवाज: पॅच डुलतो, पण फिरत नाही

सिडकोचा_गिटारवाला

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम करतो आम्ही, लग्नाच्या आदल्या संध्याकाळचे नाहीतर गणपतीत मंडळांचे. आमचा कीबोर्डवाला मार्चमध्ये नोकरीसाठी पुण्याला गेला. दुसरा अजून मिळालेला नाही. चार-पाच गाणी अशी आहेत की मागे ऑर्गन भरून राहिलेला असतो. तो नसला की गाणं उघडं पडतं, गायकालाही आधार वाटत नाही. ती जागा गिटारवर भरायची असं मी ठरवलंय.

माझ्याकडे साधा मल्टीइफेक्ट (एकाच पेडलमध्ये बरेच इफेक्ट) आहे, त्यात फिरत्या स्पीकरच्या आवाजासाठी रोटरी नावाचा पॅच, म्हणजे तयार सेटिंग आहे. इंदिरानगरला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते, तिथे तीन रविवार त्याच्याशी झगडलो. स्लोवर ठेवला तर स्वस्तातला कोरस (सूर किंचित झुलवणारा इफेक्ट) वाटतो. फास्ट केला तर गिटार बेसूर झाल्यासारखी वाटते, तबलेवाल्याने तर थांबून विचारलं की तार उतरली का. खऱ्या लेस्ली स्पीकरची (ऑर्गनचा आवाज फिरवणाऱ्या पेटीची) रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा अंगाभोवती काहीतरी फिरून गेल्यासारखं होतं. ते माझ्याकडे येत नाही. माझा आवाज जागच्या जागी डुलतो.

गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तारांखालचे पिकअप सिंगल कॉइल. मंगल कार्यालयात साउंडवाला मला एकच लाइन देतो. आठ हजारांच्या वर खर्च आत्ता जमणार नाही. सेटिंगमध्ये चुकतोय का वेगळं पेडल घ्यावंच लागेल? ज्यांनी खरा फिरता स्पीकर जवळून पाहिलाय त्यांनी कृपया लिहा.

---

फेझरभक्त

युनिव्हाइबसारखं एखादं पेडल घे, सेकंडहँड तुझ्या बजेटमध्ये मिळून जाईल. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉकच्या महोत्सवात तेच वापरलं होतं. आत एक छोटा दिवा धडधडतो, त्याच्याभोवती चार फोटोसेल, बस. लेस्ली नाही म्हणता येणार, पण गिटारला फार गोड बसतं. मी दोन वर्षं तेच वाजवतोय आणि ऑर्गनची आठवण येत नाही.

---

वाइंडिंगकाका_अंबड

माझं अंबडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, चौतीस वर्षं झाली. गिटार त्याच्याही आधीपासून वाजवतो. हा विषय माझ्या दोन्ही कामांचा आहे, तेव्हा जरा लांबेल, सावकाश वाच.

फेझरभक्तांनी सांगितलेलं पेडल चांगलंच आहे, पण तो स्वतःचा वेगळा आवाज आहे. तुला ऑर्गनची जागा भरायची आहे, त्यामुळे लेस्लीची पेटी आतून कशी चालते ते आधी समजून घे. मग पॅचमध्ये कुठलं बटण किती फिरवायचं ते मला विचारावं लागणार नाही.

डॉन लेस्ली नावाच्या अमेरिकन माणसाने १९४० च्या सुमारास ही पेटी हॅमंड ऑर्गनसाठी तयार केली. चर्चच्या पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सूर वेगळ्या नळीतून, वेगळ्या जागेवरून येतो, म्हणून तो आवाज जिवंत वाटतो. हॅमंडचा सगळा आवाज एका स्पीकरमधून यायचा. घरच्या खोलीत तो कोरडा पडायचा. म्हणून त्याने आवाजच हवेत फिरवला. पुढे जी १२२ नंबरची पेटी सगळ्यात गाजली तिच्यात ४० वॅटचा व्हॉल्व्ह अँप आहे आणि ८०० हर्ट्झला आवाजाची वाटणी होते. वरचा आवाज फिरत्या भोंग्यात जातो. खालचा जातो १५ इंची स्पीकरमध्ये, आणि तो स्पीकर तोंड खाली करून बसवलेला असतो. त्याच्याखाली एका बाजूने तिरका कापलेला लाकडी ड्रम फिरतो. भोंगे दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो, दुसरा फक्त तोल सांभाळायला. भोंगा एका दिशेने फिरतो, ड्रम उलट दिशेने. स्पीकर मात्र कुठलाच फिरत नाही.

आता मोटार. भोंग्याला दोन मोटारी आणि ड्रमला दोन, एकावर एक बसवलेल्या. एक हळू, एक जलद. हळू चालीत भोंगा मिनिटाला साधारण ४८ फेरे घेतो, जलद चालीत ४०० च्या आसपास. ड्रम दोन्हीकडे थोडा मागे: ४० आणि ३४०. हे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात आणि सगळे पॅच बनवणारे ते पाळतात. पण खरी गंमत या आकड्यांत नाही. भोंगा हलका, तो सेकंदभरात वेग पकडतो. ड्रम जड, तो चार-पाच सेकंद घेतो. म्हणजे पायाने स्विच मारल्यावर चार सेकंद असे जातात की वरचा आवाज पळतोय आणि खालचा अजून उठतोय. हे जे तुला अंगाभोवती काहीतरी फिरून गेल्यासारखं वाटतं ना, ते या चार सेकंदांत घडतं. बाकी वेळ पेटी नुसती चालू असते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, पट्ट्याने शिकवलं. मी दुकानात एक पेटी केली. १८ एमएम प्लाय, १० इंची स्पीकर, त्याच्याखाली थर्माकोलचा ड्रम. फेंडरने १९६७ मध्ये व्हायब्राटोन नावाची पेटी खास गिटारसाठी काढली होती, तिच्यात असाच १० इंची स्पीकर आणि फोमचा ड्रम होता, भोंगा नव्हताच. 'कोल्ड शॉट' हे गाणं ऐक, गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनने त्यात तीच वापरलीय. तर मी आधी शिलाई मशीनची मोटार लावली, पायाने वेग कमी-जास्त करता येईल म्हणून. ती कार्बनवाली मोटार. कार्बनच्या ठिणग्या सिंगल कॉइल पिकअपने अशा पकडल्या की सुरापेक्षा चरचर मोठी. काढून टाकली. मग कूलरची मोटार लावली. तिला कार्बन नसतो, आणि १४०० आरपीएम असते. मोटारीला दोन इंची पुली, ड्रमला आठ इंची, झाले साडेतीनशे फेरे. हिशोब बरोबर, पण ऐकायला काहीच मजा नाही. पट्टा मी दुकानाच्या सवयीने कडक ताणला होता. स्विच मारला की दीड सेकंदात ड्रम पूर्ण वेगात. पंखा लावल्यासारखं. आठ दिवस मी स्पीकरला, लाकडाला, अँपला दोष देत बसलो. मग एकदा मोटारीचा नट ढिला होऊन ती सरकली, पट्टा सैल पडला आणि सुरुवातीला घसरायला लागला. ड्रम रडत-खडत उठला, पाच सेकंद घेतले त्याने. मी त्या वेळी ए मायनर धरून होतो. अंगावर काटा आला. तो नट मी परत त्याच जागी आवळला आणि रंगाने खूण करून ठेवली, अजून आहे.

म्हणून तुझ्या पॅचमध्ये सगळ्यात आधी वेग बदलायला लागणारा वेळ शोध. राइज आणि फॉल अशा नावांनी असतो. भोंगा आणि ड्रम वेगळे देता येत असतील तर भोंगा १ सेकंद, ड्रम ५. एकच आकडा असेल तर अडीच-तीन ठेव. आणि हे पायाखाली घे. स्लो-फास्ट पायाने बदलता येत नसेल तर बाकीचं काहीही करून उपयोग नाही.

दुसरं, तुझी गिटार बेसूर का वाटते. भोंग्याचं तोंड मध्यापासून साधारण २० सेंटीमीटरवर धर. म्हणजे आवाज तुझ्याजवळ येतो-जातो तो एवढाच, वेळेत मोजलं तर मागेपुढे अर्धा मिलिसेकंद आणि वर थोडंसं. जलद चालीत भोंग्याचं तोंड सेकंदाला सुमारे ८ मीटरने पळतं, त्याने सूर अर्ध्या फ्रेटपेक्षाही कमी हलतो. पेटीतल्या बाकीच्या भिंतींवरून आपटून येणारा आवाज त्यात मिसळतो, त्यामुळे कानाला तो बेसूर वाटत नाही, थरथरतो. आता कोरसच्या पद्धतीने बनवलेल्या पॅचमध्ये हाच झोका दोन मिलिसेकंदांचा असला आणि तो सेकंदाला पावणेसात वेळा दिला, तर सूर जवळजवळ दीड फ्रेट वर-खाली जातो. तबलेवाल्याचा कान बरोबर होता. डेप्थ, म्हणजे झोक्याचं माप, खाली आण. निम्म्याच्याही खाली. स्लोमध्ये ती कमी वाटेल, वाटू दे, खऱ्या पेटीतही स्लोमध्ये सूर जेमतेम हलतो.

लहानपणी पंख्यासमोर तोंड धरून आपण सगळ्यांनी 'आऽऽ' केलंय. तिथे पाती नुसता आवाज कापतात, सूर तोच राहतो. ट्रेमोलो म्हणजे तो पंखा. लेस्लीत तीन गोष्टी एकदम होतात: आवाज लहान-मोठा होतो, सूर किंचित हलतो, आणि भोंगा पाठमोरा झाला की आवाजाची धार जाते, पुढे आला की परत येते. ड्रमच्या बाजूला सूर हलणं कमी आणि लहान-मोठं होणं जास्त.

तिसरी गोष्ट फक्त गिटारवाल्यांसाठी. वाटणी ८०० हर्ट्झला होते म्हटलं ना? तुझ्या पहिल्या तारेचा १५ वा फ्रेट म्हणजे ७८४ हर्ट्झ. म्हणजे तू कॉर्ड वाजवतोस त्यातले सगळे मूळ सूर ड्रममध्येच जाणार, भोंग्यात फक्त त्यांच्या वरच्या छटा. स्वच्छ, गोल टोन दिलास तर भोंग्याला खायला काही मिळत नाही आणि फिरणं अर्धंच ऐकू येतं. म्हणून थोडा ड्राइव्ह, म्हणजे आवाज किंचित फाडणारा इफेक्ट दे. जोरात वाजवलं तरच कडा फुटेल इतकाच. आणि तो रोटरीच्या आधी. पेटीतही अँप आधी फाटतो आणि मग आवाज फिरतो. रोटरीनंतर ड्राइव्ह लावलास तर तो सगळी लहान-मोठी हालचाल चेपून सपाट करतो. रीव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) सगळ्यात शेवटी, आणि थोडाच.

पेडलचं म्हणशील तर बॉसची आरटी-२०, स्ट्रायमनची लेक्स, नियोची व्हेंटिलेटर ही खास याच कामाची आहेत. तुझ्या पैशात नवी बसणार नाहीत. आधी आहे त्यावर एवढं कर.

---

सिडकोचा_गिटारवाला

काका, तुमचं दोनदा वाचलं, आणि रात्री हेडफोन लावून बसलो. माझ्या पॅचमध्ये राइज टाइम होता, तिसऱ्या पानावर. शून्यावर होता! तीन महिने मी ते पान उघडलंच नव्हतं. भोंगा-ड्रम वेगळे नाहीत, एकच आकडा आहे, तो अडीच सेकंदांवर ठेवला. डेप्थ ७० वरून ३० वर आणली. हेडफोनमध्ये पहिल्यांदा फिरल्यासारखं वाटलं.

पण काल कार्यालयात साउंडवाल्याकडे एकच चॅनेल होता म्हणून मी डावं-उजवं दोन्ही आउटपुट एका वाय केबलने जोडून दिलं, तर सगळं परत सपाट. घरी ऐकलेलं ते हेच का असं वाटलं. यात काय झालं?

---

वाइंडिंगकाका_अंबड

ती वाय केबल पिशवीत ठेवून दे.

स्टिरिओमध्ये पेटीच्या दोन बाजूंना दोन माइक आहेत असं धरलेलं असतं. भोंगा डाव्या माइककडे वळला की उजवीकडे पाठ होते. डावा मोठा, उजवा बारीक. दोन्ही एकात ओतलेस की एकाचं वाढणं दुसऱ्याच्या कमी होण्याने भरून निघतं, आणि जे लहान-मोठं होण्यासाठी एवढी धडपड केली तेच पुसलं जातं. एकच लाइन असेल तर फक्त डावं आउटपुट दे. बहुतेक मशीनमध्ये त्याला मोनो असंही लिहिलेलं असतं, दुसऱ्यात पिन नसली की ते स्वतः मोनो बनवतं. पेटीसमोर एक माइक ठेवून केलेली रेकॉर्डिंगही सुंदर आहेत, मोनोने काही अडत नाही.

साउंडवाल्याला विनंती करून दोन चॅनेल मिळाले तर सोन्याहून पिवळं. पण तेव्हा पॅन पूर्ण डावी-उजवी करायला सांग. नाहीतर पुन्हा तेच.

---

पेटीवाली_शरणपूर

मी कीबोर्ड आणि ऑर्गन वाजवते, लहानपणापासून चर्चमध्ये. यंत्राचं काकांनी सगळं सांगितलंय, मी बोटांचं सांगते, कारण गिटारवाले दादा इफेक्ट कितीही छान लावतात आणि मग त्यात स्ट्रमिंग करतात. तिथे ऑर्गन संपतो.

ऑर्गनला टोचा नसतो. की दाबली की सूर पूर्ण आवाजात येतो आणि सोडेपर्यंत तसाच राहतो, मरत नाही. तुमची तार मात्र छेडली की ठण्ण होते आणि मग विझत जाते. तेव्हा प्लेक्ट्रम ठेवून द्या आणि बोटांनी तीन तारा एकदम उचला. उचलताना गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, आणि मग करंगळीने हळू वर. कंप्रेसर असेल तर सगळ्यात आधी लावा, म्हणजे सूर लांबतो. सहाही तारांची कॉर्ड नको. दुसरी, तिसरी, चौथी तार पुरे, खाली बेसवाला आहेच. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना जो सूर दोन्हींत आहे तो सोडू नका, बाकीची बोटं हलवा. आम्ही ऑर्गनवर तेच करतो. संगीत नाटकात पायपेटी गायकाच्या मागे कशी सलग वाहते ते आठवा, मध्ये कुठे भोक पडत नाही.

आणि स्विच कधी मारायचा. नवीन वाजवणारे ओळीच्या पहिल्या मात्रेवर फास्ट करतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण लेस्लीची पेटी उठायलाच तीन-चार सेकंद घेते. मी ध्रुवपदाच्या आधीच्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर मारते. गायक श्वास घेतो, खालून आवाज उठत येतो आणि ध्रुवपद सुरू होतं तेव्हा पेटी पूर्ण फिरत असते. ध्रुवपद संपायच्या आधी परत स्लो. उतरताना ती जे निःश्वास सोडल्यासारखं करते ते कडव्याच्या पहिल्या ओळीखाली फार छान लागतं. पूर्ण गाणंभर फास्टवर ठेवू नका हो, ऐकणाऱ्याला शीण येतो.

---

फेझरभक्त

ताई, तो शेवटच्या शब्दावरचा स्विच माझ्या युनिव्हाइबवर करून पाहिला. माझ्या पेडलमध्ये वेग नॉबने बदलावा लागतो, बुटाच्या टोकाने फिरवला. आधीच उठवायला लागलो तर गाण्यात खरंच फरक पडला. काका, माझं आधीचं म्हणणं मी थोडं मागे घेतो.

---

सिडकोचा_गिटारवाला

आज प्रॅक्टिस झाली, लगेच लिहायला बसलो.

क्रम असा ठेवला: कंप्रेसर, थोडा ड्राइव्ह, रोटरी, रीव्हर्ब. स्लो ०.८ हर्ट्झ (सेकंदाला तेवढे फेरे), फास्ट ६.५, राइज अडीच सेकंद, डेप्थ ३०. नेक पिकअपवर (गिटारच्या मानेजवळच्या) भोंग्याला खरंच काही मिळत नव्हतं, मधल्या जागेवर आणल्यावर धार आली. फक्त डावं आउटपुट दिलं. ताईंनी सांगितलं तशा तीनच तारा, करंगळीने व्हॉल्यूम. पहिले दोन वेळा करंगळी पोचलीच नाही, तिसऱ्यांदा जमलं.

गायिकेला काही सांगितलं नव्हतं. कडव्याच्या शेवटच्या शब्दावर मी पाय दाबला, आवाज उठायला लागला, तिने मान वळवून कीबोर्ड ठेवायचो त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे फक्त खुर्ची होती. ती गाणं न थांबवता हसली आणि ध्रुवपदाला नेहमीपेक्षा मोकळी गायली. तबलेवाला म्हणाला, आज तार उतरली नाही.

एक गोष्ट अजून नीट होत नाही. अडीच सेकंदांत सगळं एकदमच उठतं, वरचं आधी आणि खालचं मागून असं होत नाही. एकच आकडा असल्यामुळे ते होणार नाही हे कळतंय, पण एकदा खरं कसं असतं ते कानाने ऐकायचंय. काका, तुमची पेटी बघायला आलो तर चालेल का?

---

वाइंडिंगकाका_अंबड

ये की. सकाळी दहाच्या आत ये, नंतर गिऱ्हाइकांचे पंप यायला लागतात आणि शेजारच्या लेथच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

माझ्या पेटीला भोंगा नाही हे लक्षात ठेव, त्यामुळे वरचं आधी आणि खालचं मागून हे तुला तिच्यातही मिळणार नाही. पण ड्रम सावकाश कसा उठतो ते कळेल. तुझा मल्टीइफेक्टही आण. रोटरीच्या जागी नुसता व्हायब्राटो (फक्त सूर हलवणारा इफेक्ट) लाव, अगदी कमी डेप्थचा, वेग साडेसहा. तो माझ्या पेटीत घाल. वरचं थरथरणं मशीनचं आणि खालचं घुमणं ड्रमचं. मी ड्रमचा स्विच मारतो आणि तू त्याच वेळी पायाने व्हायब्राटो चालू कर, बघू दोन्ही मिळून काय होतं. मी हे करून पाहिलेलं नाही, बरेच दिवस मनात आहे.

आणि स्ट्रॅटच आण. कूलरच्या मोटारीची घरघर सिंगल कॉइलमध्ये अजून थोडी येते का ते मला तुझ्या कानाने ऐकायचंय.